बसतं, पण जुळत नाही

गेल्या महिन्यात एक अ‍ॅडॅप्टर मागवला. म्हणजे एक धातूची रिंग. एका बाजूला माझा डिजिटल कॅमेरा, दुसऱ्या बाजूला आजोबांची जुनी रशियन लेन्स, आणि मध्ये ही रिंग. किंमत दोन पिझ्झ्यांइतकी. शनिवारी सकाळी कुरियर आलं, चहा होईपर्यंत मी लेन्स लावूनसुद्धा मोकळा झालो. आटे छान बसले, कट्ट आवाज करून रिंग कॅमेऱ्यात अडकली. म्हटलं, झालं काम!

कसलं काय. गॅलरीतून समोरच्या टेकडीवरच्या टॉवरवर फोकस केला आणि लेन्सवरचा आकडा पाहिला. टॉवर किमान दीड किलोमीटर लांब. लेन्स म्हणते, आठ मीटर. अंतराची रिंग अनंतावर नेली की टॉवर धूसर, आठवर आणली की स्वच्छ. दोन-चारदा काढून घालून पाहिलं (आपल्या धंद्यातला रीस्टार्ट). तेच.

आता खरं सांगायचं तर याने काही अडत नव्हतं. डिजिटल कॅमेऱ्यात आपण स्क्रीनवर बघूनच फोकस करतो, आकडे कोण वाचतं? पण मी पडलो इंजिनियर. बग दिसला की झोप येत नाही.

आधी लेन्सबद्दल. आजोबा १९६१ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. हा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. १९५५ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तिथे रशियन इंजिनियर सहकुटुंब राहायचे. त्यांतले एक मायदेशी परतताना आपला झोर्की कॅमेरा आजोबांना देऊन गेले. आजोबांनी पंधराएक वर्षं त्यावर फोटो काढले आणि मग एकदम बंद केले. कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. "माझा हात स्थिर नाही," असं ते स्वतःच म्हणायचे. अल्बममधले कारखान्याचे, धरणाचे, पिकनिकचे फोटो एकदम खणखणीत, पण घरातले बहुतेक सगळे मऊ, धुरकट. आजी तर म्हणते की लग्नानंतर तिचा एकही धड फोटो नाही.

कॅमेऱ्याचा पडदा कधीच फाटला. लेन्स मात्र शाबूत.

कॉलेजच्या वर्कशॉपनंतर पहिल्यांदाच व्हर्नियर हातात घेतला. या प्रकारच्या लेन्सची बैठक फिल्मपासून २८.८ मिमीवर हवी. माझ्या कॅमेऱ्यात सेन्सरपासून बैठकीपर्यंत १८ मिमी. म्हणजे अ‍ॅडॅप्टर १०.८ हवा. भरला १०.७. स्वस्तातले अ‍ॅडॅप्टर बरेचदा मुद्दाम थोडे पातळ करतात, कारण जाड झाला तर लांबचं कधीच स्पष्ट दिसणार नाही आणि गिऱ्हाईक परत पाठवेल. पातळ झाला तर कुणाला कळत नाही.

चला, सापडला बग. पण हिशेब करून पाहिला तर पटेना. ५० मिमीची लेन्स अनंतावरून आठ मीटरवर आणायची तर ती साधारण ०.३१ मिमी पुढे सरकते. अ‍ॅडॅप्टरने खाल्ले ०.१. उरलेले ०.२ कुठे गेले?

ते शोधता शोधता मी पोचलो लंडनला. साल १८५८.

त्या काळी प्रत्येक सूक्ष्मदर्शक बनवणारा आपापल्या मापाचे आटे पाडायचा. एकाची लेन्स दुसऱ्याच्या नळीत जाईना. तेव्हा लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ठरवलं की सगळ्यांनी एकच आटा वापरायचा: सुमारे ०.८ इंच व्यास, इंचाला ३६ आटे, आकार जोसेफ व्हिटवर्थच्या पद्धतीचा. ही सोसायटी पुढे रॉयल झाली आणि तिच्या नावाचा आटा जगभर पसरला. मेट्रिक वापरणाऱ्या जर्मनीतल्या सूक्ष्मदर्शक कंपन्यांनीही तो घेतला. त्यांतलीच एक वेत्झलार गावची लाइट्झ.

लाइट्झमध्ये १९११ साली ऑस्कर बारनाक नावाचा मेकॅनिक आला. त्याला दमा होता. त्या वेळचे लाकडी कॅमेरे, काचेच्या प्लेटा आणि तिपाई घेऊन डोंगर चढणं त्याच्या छातीला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. पहिला नमुना १९१४ च्या सुमारास तयार होता, मग महायुद्ध आलं, मग जर्मनीतली महागाई. १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ (दुसरा) यांनी धोका पत्करायचं ठरवलं आणि १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला.

त्या पहिल्या लायकाची लेन्स पक्की होती, काढता येत नसे. लोकांना वेगवेगळ्या लेन्स हव्या होत्या, म्हणून १९३० मध्ये आट्यांची बैठक आली. व्यास ३९ मिमी, म्हणजे मेट्रिक. पण आटे? इंचाला २६! सूक्ष्मदर्शकवाल्यांचा वारसा, असा याचा नेहमी दिला जाणारा खुलासा आहे. एका परिमाणात दोन पद्धती. आपल्याकडे लाकूड फुटात आणि खिळे ग्रॅममध्ये, तसलाच प्रकार.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. १९३० च्या त्या कॅमेऱ्याची लेन्स काढता यायची, पण दुसऱ्या लायकाची लेन्स त्यावर चालायची नाही! आटे तेच, बसायची व्यवस्थित. पण प्रत्येक बॉडीत बैठक ते फिल्म हे अंतर थोडं वेगळं असायचं. त्यामुळे कारखान्यात कारागीर प्रत्येक लेन्स त्या-त्या बॉडीला जुळवून द्यायचा आणि जोडी चुकू नये म्हणून कॅमेऱ्याच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे लेन्सवर कोरायचा. नवी लेन्स हवी असेल तर कॅमेरा वेत्झलारला पाठवा. पत्रिका जुळल्याशिवाय लग्न नाही :)

आता प्रश्न असा की ज्या कंपनीच्या सूक्ष्मदर्शकात कुठलीही लेन्स कुठेही चालायची, तिला कॅमेऱ्यात हे का जमू नये? मी यावर बराच वेळ अडकलो होतो. उत्तर सोपं आहे. सूक्ष्मदर्शकात माणूस डोळा लावून बघत असतो. लेन्स अर्धा मिलिमीटर वर असो की खाली, चाक फिरवायचं आणि स्पष्ट दिसलं की थांबायचं. अंतराची चूक माणसाचा डोळा भरून काढतो. त्या लायकात लेन्समधून बघायची सोयच नव्हती. अंतर अंदाजाने ठरवायचं, लेन्सवरचा आकडा त्यावर लावायचा आणि बटण दाबायचं. फिल्म धुवून येईपर्यंत काही कळायचं नाही. तिथे आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि विश्वास ठेवायचा तर आकडा शतांश मिलिमीटरात खरा हवा.

१९३१ मध्ये लाइट्झने हे अंतर एकच करून टाकलं, २८.८ मिमी. प्रत्येक बॉडी तेवढीच, प्रत्येक लेन्स तेवढ्यासाठीच. अशा कॅमेऱ्यांच्या बैठकीवर आणि लेन्सवर छोटंसं शून्य कोरलं जाऊ लागलं. तीन आकडी नंबराच्या जागी एक शून्य! कुठलाही शून्यवाला कुठल्याही शून्यवाल्याला चालेल. इंटरफेस म्हणजे काय हे मला चार वर्षांच्या डिग्रीत इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, लेन्सच्या मागच्या कडेला टेकणाऱ्या चाकावरून अंतर मोजणारा रेंजफाइंडर बॉडीत आला. तो चालला तो या आकड्याच्या जोरावरच.

आता इथून खारकीव्हला जाऊ, कारण आजोबांची लेन्स तिथली.

क्रांती, यादवी आणि दुष्काळ यांत सोव्हिएत देशात लाखो मुलं रस्त्यावर आली होती. अशा मुलांसाठी १९२७ मध्ये खारकीव्हजवळ एक वसाहत सुरू झाली. तिला नाव दिलं फेलिक्स एदमुंदोविच द्झेरझिन्स्कीचं, म्हणजे ज्याने गुप्त पोलिसांचं खातं उभं केलं त्याचं. (अनाथ मुलांच्या वसाहतीला हे नाव. पण असो.) ती चालवत होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. मुलं अर्धा दिवस शिकायची, अर्धा दिवस कारखान्यात. आधी त्यांनी विजेवर चालणारे ड्रिल बनवले. मग १९३२ मध्ये कुणीतरी समोर लायका ठेवला आणि म्हटलं, असा करा. १९३४ पासून 'फेड' नावाने कॅमेरे बाहेर पडू लागले. द्झेरझिन्स्कीची आद्याक्षरं.

चित्र डोळ्यांसमोर आणा. काही वर्षांपूर्वी स्टेशनवर झोपणारी, पाकीट मारणारी मुलं आता लेथवर उभी आहेत आणि जर्मनीतल्या सर्वांत बारीक कामाची नक्कल करताहेत. आणि केलीच त्यांनी, हजारोंनी केली. फक्त कॅमेरा उघडून बघितला की आटे दिसतात, व्यास दिसतो, चाकं दिसतात. लाइट्झने त्या शून्यामागे काय शिस्त बसवली ते उघडून दिसत नाही. त्यामुळे युद्धापूर्वीच्या बऱ्याच फेडमध्ये पुन्हा १९३० चीच पद्धत होती: लेन्स त्याच बॉडीला जुळवून दिलेली. आपल्या जोडीदाराबरोबर ती उत्तम चालायची. दुसऱ्याच्या गळ्यात बांधली की मात्र भरवसा नाही.

युद्धात खारकीव्ह पडलं, कारखाना पूर्वेकडे हलवला गेला. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याच घराण्याचा झोर्की बनू लागला. तोवर २८.८ चा नियम तिथेही रुळला होता. आटे मात्र सोव्हिएत लोकांनी सरळ मेट्रिक केले, एका आट्याला १ मिमी. लायकाचा इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिमी. चार फेऱ्यांत फरक जेमतेम ०.०९ मिमी, त्यामुळे दोन्ही एकमेकांत जातात, कधी शेवटी थोडे आवळतात. आणि मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्याने झोर्कीत आरसा घालून झेनिट काढला. त्यालाही ३९ मिमीचे तेच आटे, पण आरशाला जागा हवी म्हणून अंतर ४५.२ मिमी! बघा म्हणजे. झेनिटची लेन्स झोर्कीत मस्त बसते आणि काहीही स्पष्ट दिसत नाही. जुन्या बाजारात आजही लोक यात फसतात. आटा म्हणजे वचन नव्हे, हे कुणी पाकिटावर लिहीत नाही.

तिकडे युद्धानंतर जर्मन पेटंटांचं संरक्षण गेल्यामुळे इंग्लंड, अमेरिका, जपान सगळीकडे लायकाच्या नकला सुरू झाल्या. जपानची गोष्ट मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.

मूळ वेत्झलारमध्ये मात्र १९५४ साली एक फार सुंदर गोष्ट झाली. लाइट्झने नवा कॅमेरा काढला, एम३. आटे फिरवत बसण्याचा कंटाळा म्हणून त्याला अडकवून वळवायची बैठक दिली. जगात तोवर लाखो जुन्या लेन्स विकल्या गेलेल्या. आजची एखादी कंपनी म्हणाली असती, जुनं फेका, नवं घ्या. (फोनचे चार्जर आठवा.) यांनी नव्या बैठकीचं अंतर ठेवलं २७.८. जुनं २८.८. मध्ये बरोब्बर १ मिमी. म्हणजे १ मिमी जाडीची एक रिंग जुन्या लेन्सवर चढवली की ती नव्या कॅमेऱ्यावर जणू तिथलीच. शिवाय ती रिंग तीन प्रकारची. लेन्स ५०, ९० की १३५ मिमीची त्याप्रमाणे घ्यायची, मग कॅमेऱ्याच्या खिडकीतली चौकट आपोआप बदलते. २४ वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी एका मिलिमीटरची जागा आधीच राखून ठेवलेली! मी हे वाचलं तेव्हा ऑफिसमधल्या आमच्या मायग्रेशन प्लॅनची फाइल उघडी होती. मी ती बंद केली.

तर उरलेले ०.२ मिमी.

आजोबांच्या लेन्सवर पुन्हा नजर टाकली. छिद्राचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८. ही युद्धापूर्वीची मोजणी. नंतरच्या लेन्सवर ५.६, ८, ११ येतात. काचेवर निळसर लेप नाही. म्हणजे झोर्की युद्धानंतरचा, पण त्यावरची लेन्स १९३० च्या दशकातल्या फेडची. तिची बॉडी वेगळी होती. ताटातूट कधी झाली, कुणी केली, सांगायला कोणी नाही. ती आपल्या मूळ बॉडीच्या मापाची होती, झोर्कीवर ०.२ मिमी फिल्मच्या जवळ बसली. दोष तिचा नाही आणि झोर्कीचाही नाही.

आणि इथे माझ्या डोक्यात अल्बम आला.

कागद घेतला. ३५ मिमी फिल्मवर फोकसची चूक किती खपते ते छिद्रावर अवलंबून असतं. छिद्र ९ वर असेल तर पाव मिलिमीटरहून थोडी जास्त खपते. ३.५ वर जेमतेम ०.१. म्हणजे उन्हात, छिद्र लहान असताना, ०.२ ची चूक लपून जाणार. कारखाना, धरण, पिकनिक, सगळं खणखणीत. घरात प्रकाश कमी, छिद्र पूर्ण उघडं, चूक उघडी पडणार.

पण घरात शटरही हळू असतं, तेव्हा हात हलला असंही असू शकतं ना? आजोबांचं तेच म्हणणं होतं. फरक ओळखायचा कसा? हात हलला तर सगळंच पुसट होतं. फोकस चुकला तर काहीतरी, कुठेतरी, स्पष्ट असतं. लेन्स ०.२ मिमी फिल्मच्या जवळ असेल, तर दोन मीटरवर लावलेला फोकस प्रत्यक्षात सुमारे २.३५ मीटरवर पडणार. माणसाच्या हातभर मागे.

अल्बममधले फोटो काडेपेटीपेक्षा थोडेच मोठे. पण निगेटिव्ह एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. रविवारी आजीकडे गेलो, डबा काढला. १९७५ ची एक पट्टी मिळाली. आजी खुर्चीत, मांडीवर दोन-तीन महिन्यांची आत्या, मागे लगेच भिंत. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन खाली ठेवून त्यावरून कॅमेऱ्याने फोटो घेतला, उलटा रंग सरळ केला आणि मोठा केला.

आजीचा चेहरा मलमलीतून पाहावा तसा. आत्या म्हणजे पांढरा गोळा. आणि मागच्या भिंतीवर कालनिर्णय. तारखांचे आकडे, खालची बारीक तिथी, खिळ्याची सावलीसुद्धा टाचणीसारखी टोकदार.

हात अजिबात हलला नव्हता. आणखी सहा फ्रेम तपासल्या, त्या सगळ्यांत भिंत स्पष्ट.

लेन्सचं कामही संपवलं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ०.१ मिमीचा असतो, त्याच्या तीन रिंगा कापल्या (पहिली कापताना बोट कापलं, त्या धारा ब्लेडसारख्या असतात) आणि लेन्स व अ‍ॅडॅप्टरच्या मध्ये पॅकिंग म्हणून घातल्या. टॉवर आता अनंतावर स्पष्ट दिसतो. आजोबांच्या झोर्कीवर मात्र ही युक्ती चालली नसती. पॅकिंगने लेन्सची मागची कडही पुढे गेली असती आणि रेंजफाइंडर चुकला असता. तिथे लेन्स उघडून काचांच्या गाभ्यामागे दोन रिंगा घालाव्या लागल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम. १९६५ मध्ये कुणीही चांगल्या घड्याळजीने करून दिलं असतं, फक्त कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

आजीला सगळं समजावून सांगितलं. आटे, बैठक, पत्रिका वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांचा हात नव्हता थरथरत?"

"नाही आजी."

"मीच म्हणायचे त्यांना, नीट धरा म्हणून. दर वेळेला." बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत होती, स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही, मागे. मग चष्मा चढवून जवळ आली. कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, तेही वाचता येत होतं.

"मोठं कर जरा. हे माझंच अक्षर. दुधाचा हिशेब आहे. हे बघ, बाराला खाडा, तेराला खाडा," तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. "आणि मेल्याने पैसे पूर्ण महिन्याचे नेले होते!"